हिरवा गप्प, तांबडा चालू

जळगावच्या आमच्या लॅबमध्ये मी पीएचडी केली. रीडिंगं जमली वहीभर आणि किस्से पोतंभर! रीडिंगं थिसिसमध्ये गेली. उरलेला माल हा.

काम सांगायला सोपं. डीएनएचा छोटा धागा, केसांच्या पिनेसारखा दुमडणारा. एका टोकाला हिरवा चमकणारा रंग, दुसऱ्या टोकाला तांबडा. धागा सरळ असला की हिरवा झळकतो. दुमडून टोकं जवळ आली की हिरवा आपली ऊर्जा तांबड्याला देतो. मग हिरवा मंद, तांबडा जोरात!

माझे गाईड महाजन सर हे समजावत होते तेव्हा आमचे लॅब अटेंडंट नाना, धुळ्याकडचे, झाडू टेकवून ऐकत होते.

"समजलं का नाना?"

"समजनं ना साहेब! तुम्ही एकला ऱ्हातस तवय मोठमोठा बोलतस. प्रिन्सिपल जोडे, तुमना जवळ बठनात का तुम्ही गुपचूप, नि त्याच चमकतस!"

सरांनी विषय बदलला.

*

रंग लावलेला डीएनए परदेशातून यायचा. एकदा पार्सल भुसावळला उतरलं. आणायला गेले, तर पार्सल ऑफिसातला क्लार्क डबा उघडून बसलेला. आत बोटाएवढी ट्यूब, तळाशी जेमतेम दिसणारा ठिपका.

"ताई, माल चोरीला गेला."

"अहो, एवढाच असतो!"

"रावेरच्या केळीची एक फणी कमी भरली तरी आम्ही लिहून देतो. घाबरू नका."

आणि शिक्का मारून दाखला दिला: 'डबा मिळाला. आतील वस्तू गायब.'

*

मे महिन्यात रोज दुपारी दोनला हिरवा एकदम वाढायला लागला. "काहीतरी नवीन सापडलंय!" सर आठवडाभर हवेत. मग कळलं, दोनला कूलरमधलं पाणी संपायचं. खोली तापली की धाग्याची घडी सुटायची, हिरवा मोकळा.

सर खाली आले. "जळगावचा झाला हा डीएनए. दुपारी शर्ट काढून बसतो!"

*

माझ्या व्हायवाला पुण्याहून परीक्षक आले. कडक माणूस. म्हणाले, "आलेख नकोत. डोळ्यांना दाखवा."

मी मशीनचं बटण दाबलं आणि लाईट गेले!

तीन वर्षं डोळ्यांपुढून गेली. सर खिडकीबाहेर बघायला लागले. बॅटरीवरचा अतिनील दिवा होता, पडदे ओढून तो लावला. अंधारात ट्यूब तांबडी दिसली. पण धागा उलगडायला उष्णता हवी, आणि हीटर बंद!

नाना परीक्षकांचा चहा घेऊन उभे होते. त्यांनी माझ्या हातातली ट्यूब काढून घेतली आणि सरळ त्या वाफाळत्या ग्लासात उभी केली.

"नाना!" सर ओरडले.

मिनिटभरानं नानांनी ट्यूब वर काढली. दिव्याखाली हिरवीगार! मग कोपऱ्यातल्या माठाच्या गार पाण्यात बुडवली. पुन्हा तांबडी.

परीक्षकांनी ट्यूब स्वतः घेतली, चहात घातली, काढली. हिरवी. माठात. तांबडी. असं चारदा केलं. मग ट्यूब रुमालानं पुसून मला परत दिली, ग्लास उचलला आणि तोच चहा घोट घोट करत संपवला.

"थिसिस पास," ते म्हणाले. "साखर जरा जास्त आहे."