ज्योत विझली ती दुपार

रायापूरच्या प्रयोगशाळेत पीएच.डी. करत होते तेव्हा माझ्या वाट्याला प्रासिओडिमियम या दुर्मिळ धातूचं ऑक्साइड आलं होतं. त्याची वडी हवेत तापवली तर काळीच राहते. हायड्रोजनमध्ये तापवली की तिच्यातला काही ऑक्सिजन निघून जातो, स्फटिकाची ठेवणच बदलते आणि ती फिकट हिरवी होते. तो रंग मला आवडायचा; हायड्रोजनची मात्र धास्ती वाटायची. भट्टीच्या नळीतून तो वाहायचा आणि दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या बाटलीतून बुडबुडत बाहेर येऊन, बारीक ज्योतीने जळत राहायचा.

एका दुपारी भट्टी पुरती तापलेली असताना वीज गेली. हायड्रोजन सोडणारी विजेवरची झडप आपोआप बंद झाली आणि ज्योत विझली. सोबत फक्त अक्का होत्या, आमच्या ज्येष्ठ संशोधक. त्यांनी बाटलीकडे बोट दाखवलं. भट्टी निवत होती, आतला वायू आकसत होता आणि पाणी रबरी नळीतून वर ओढलं जात होतं. ते तापलेल्या भागाला लागलं असतं तर भट्टीची नळी फुटून हवा आत शिरली असती. हवा आणि तापलेला हायड्रोजन एकत्र आले की काय होतं, ते मला ठाऊक होतं.

आत आर्गॉन हा न जळणारा वायू भरला की पाणी मागे हटलं असतं; तो हाताने सोडायचा कॉक भट्टीच्या मागे होता. मी म्हटलं, आपण बाहेर पळू या. अक्का म्हणाल्या, भिंतीपलीकडे वर्ग भरलाय. त्यांनी पदर खोचला.

"रबरी नळी चिमटून धर. मी सांगेपर्यंत सोडू नको. हेदरब्याड."

कानडीत असो की मराठीत, घाबरू नको म्हणणं सोपं होतं. कॉक घट्ट बसला होता. अक्कांच्या बांगड्या तेवढ्या किणकिणत होत्या. एवढ्यात भट्टीतून टक् असा आवाज आला. नळी गेली, असं वाटलं.

"सोड."

माझी बोटं उघडेनात. अक्कांनीच येऊन ती सोडवली. पाणी खाली उतरलं, बुडबुडे सुरू झाले.

संध्याकाळी नवनगरला घरी आईने गॅस पेटवला, तशी मी स्वयंपाकघरातून उठून बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी भट्टी उघडली. नळी शाबूत होती. तडकली होती वडी. रंग हिरवा, पण एका कडेला तपकिरी. कुठल्या तरी सांध्यातून तेवढी हवा आत शिरली होती. अक्का ती कड बघत राहिल्या आणि मग स्टुलावर बसल्या. त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही दोघींनी हायड्रोजनच्या टाकीला हात लावला नाही.