मामांचं मराठी कार्ड

यंत्रावर रुसलेली माणसं मी पुष्कळ पाहिली, पण माझ्या बायकोच्या साखळी गावच्या मामांइतका घसघशीत राग उभ्या डिचोली तालुक्यात कुणी धरला नसेल. गोवा नुकतंच राज्य झालं होतं, कोकणी की मराठी यावरून घराघरांत तोंडं फिरली होती, आणि मामा खाणीच्या हापिसातली नोकरी सोडून संगणकाला मराठी शिकवत बसले होते. चपला काढल्याशिवाय त्या खोलीत मामींनाही मज्जाव. देवापुढची समई विझली तरी चालेल, पण संगणकावरचा पंखा थांबला की मामा घर डोक्यावर घेत. जेवतानाही धडा चालूच. "हें पळय," भात बाजूला सारत ते म्हणत, "मशीनाची स्मृती म्हणजे चाळ. दर खोलीक पत्तो. सकयल्यो खोल्यो आमकां, वयल्यो मशीनाक." माझं माशांचं हुमण निवून जाई, चाळ काही संपत नसे.

यंत्राच्या वाटच्या त्या वरच्या खोल्यांतली एक रिकामी पाहून मामांनी तिथे मराठीचं बिऱ्हाड थाटलं. सगळी अक्षरं एका चिपेत कोरली, चिप कार्डावर बसवली, कार्डाला त्या खोलीचा पत्ता कायमचा डागला, आणि पडद्यावर 'श्री' उमटलं. मामींनी शेजारीपाजारी साखर वाटली. गावच्या शाळेनं कार्ड घेतलं तर बाकीच्या शाळा मागोमाग येतील, नाही घेतलं तर सोडलेल्या नोकरीवर पाणी, असा सगळा मामला होता. शाळेच्या अध्यक्षांनी मंडळी जमवली. मामांनी शाळेच्या संगणकात कार्ड बसवलं, बटण दाबलं, आणि पडदा काळाठिक्कर. ते यंत्र दुसऱ्याच जुळणीचं होतं. नेमक्या त्याच पत्त्यावर डिस्क चालवणारी त्याची जन्मजात आज्ञावली आधीपासून राहत होती. एका खोलीत दोन बिऱ्हाडं शिरल्यावर यंत्र जागचं हलेना. आपल्या यंत्रात रिकामी ती खोली सगळीकडे रिकामीच असणार, असं मामांनी धरून चाललेलं, कारण दुसरं यंत्र त्यांनी कधी उघडलंच नव्हतं.

"पत्तो बदलूंक जाय. आठ दीस दियात," मामा म्हणाले.

"मशीनाक मराठी मानवना शें दिसता," अध्यक्ष म्हणाले, आणि मंडळी चहाला उठली. मराठीच्या मोर्चात हेच गृहस्थ घसा बसेस्तोवर ओरडले होते. मराठीसाठी आठ दिवस थांबणं मात्र त्यांना जड गेलं. मला त्याचा आजही संताप येतो.

पुढे मामांनी इंग्रजी टायपिंगचे वर्ग काढले आणि संगणक बनवणाऱ्या झाडून साऱ्या कंपन्यांना शिव्या घालत ते चालवले. कार्डाचं नाव कुणी काढलं की पानावरून उठत. ते अर्धवट राहिलं म्हणून त्यांना लागतं, असं आम्ही समजत होतो.

बऱ्याच वर्षांनी मामा-मामींबरोबर जत्रेत गेलो असता खाज्याच्या दुकानापाशी अध्यक्ष भेटले. पार थकले होते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी मामांना सहज विचारलं, "भाई, तें तुमचें मराठी कार्ड मागीर चल्लें?"

"चल्लें. त्याच आठ दिसांत. खंयच्याय मशीनार."

"मागीर शाळेंत हाडलें ना तें?"

"तुमी आपोवंक ना," मामा म्हणाले. कुठल्याही यंत्रावर चालणारं कार्ड घरात पडून होतं; बोलावणं आलं नव्हतं, एवढंच.

कार्ड सुधारलं होतं, हे मामींनाही तेव्हाच कळलं. "आनी म्हाका कित्याक सांगूंक ना?" त्यांनी हळूच विचारलं. मामांनी खाज्याची पुडी सोडून ती आधी अध्यक्षांपुढे धरली.