तिसरं सूप

माझे सासरे पलटणीतून पेन्शन घेऊन आले ते शिट्टीसकट. सकाळी बैल सोडायची शिट्टी, दुपारी जेवायची शिट्टी, पोरांनी दंगा केला की आणखी एक. साताऱ्याकडच्या आमच्या त्या गावात घड्याळ फारसं कुणाकडं नव्हतं, आणि आमच्या घरामुळं कुणाचं अडलंही नाही. असा माणूस मरण तरी बेशिस्तीनं कसं येऊ देईल? अंगात एक दुखणं नाही, दात सगळे शाबूत, आणि एके दिवशी जेवता जेवता म्हणाले, "माझं डोळं मिटायच्या आत वाटणी करून टाकायची. भांडायचं आसंल तर आत्ताच भांडा, मी हाय सोडवायला."

भांडायला होतं कोण? थोरले दीर म्हणजे गरीब गाय. धाकटे माझे मालक, ते लढाईवर, समुद्रापलीकडं.

आमच्या घरची रीत अशी, की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. निवड दुसऱ्याच्या हातात असली की पाडणाऱ्याला लबाडी करून फायदा नाही. धाकटा हजर नसेल तर त्याच्या बायकोनं उचलायचा. म्हणजे मी, आणि तेही पंचांसमोर. सासऱ्यांपुढं सुनेनं तोंड उघडायची सोय नव्हती त्या घरात!

मालकांनी जाताना मोटारीच्या फाट्यावर मला एकच गोष्ट बजावली होती. "वाटणी निघालीच, तर मळा सोडू नगंस." ते मला सांगायलाच नको होतं. माझं माहेर जतकडचं. तिथं एका घागरीसाठी आम्ही रान तुडवायचो. लग्न होऊन आले आणि मळ्यात मोट चाललेली पाहिली, तेव्हा नवी नवरी असूनही मी मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यात पाय सोडून बसले होते. बाकी रानं कुणीही घ्या, मळा माझा, हे मी तेव्हाच मनात ठरवून टाकलं होतं.

इकडं वाटे पाडायच्या नादात थोरल्या दिरांची झोप उडाली. सांगलीला जाऊन एका वकिलाला विचारून आले. वकील म्हणाला, वाटे सारखे पाडा. एवढं ऐकायला सांगलीपर्यंत जायची गरज नव्हती, पण दिरांनी ते फारच मनावर घेतलं. जाऊबाई चुलीपाशी मला सांगायच्या, "झोपंत बी वाटं पाडत्यात गं. काल माज्याकडं बघून म्हणालं, हिला कुणीकडं घालू?"

वाटणीच्या दिवशी अंगणात दोन सुपं मांडली. प्रत्येक रानातलं एक ढेकूळ आणि बाकी जिनसांची एकेक खूण त्यांत ठेवायची. मळ्याचं ढेकूळ काळंभोर, अजून ओलं. मी लांबूनच ओळखलं. डाव्या सुपात होतं. माझा हात शिवशिवायला लागला.

दीर उभे राहून सांगू लागले. "मळा आन् हीर इकडं, मोट तिकडं. एक बैल इकडं, एक तिकडं."

पंचांतले एक म्हातारे म्हणाले, "आरं गड्या, मोटंबिगर हीर घिऊन काय करायचं? आत उडी मारायची व्हय?"

"पर सारखं झालं पायजे न्हवं?" दीर घाम पुसत म्हणाले. पुढं जात्याचा वरचा दगड एका वाट्याला आणि खालचा दुसऱ्याला, हे ऐकल्यावर अंगणात जो हशा उठला, तो थांबवायला सासऱ्यांना शिट्टी वाजवावी लागली.

दिरांनी तीच शिट्टी त्यांच्याकडून मागून घेतली आणि डाव्या सुपात ठेवली. "आबा इकडं." मग सासूबाईंची पानाची चंची उजव्या सुपात ठेवली. "आई तिकडं."

यावर कुणी हसलं नाही. म्हातारा एका लेकाकडं आणि म्हातारी दुसऱ्याकडं, असं गावात घरोघरी झालेलं होतं. सासरे ताठ बसून राहिले. सासूबाईंचा हात चंचीसाठी सारखा कमरेकडं जायचा आणि रिकामा परत यायचा. ही दोघं रोज दुपारी मळ्यात जांभळीखाली बसून कडाकडा भांडायची. सुपारी कातरून देता देता सासूबाई त्यांना काय काय बोलायच्या ते मी लिहिणार नाही, पण आमचं घर त्या भांडणावर चालायचं. आता दोन घरांत दोन मुकी म्हातारी बसलेली मला दिसायला लागली आणि मला राग आला. राग आला की मला रीतभात सुचत नाही, आजही.

"उचल पोरी," पंच म्हणाले.

डाव्या सुपाला नुसता हात लावला असता तरी मळा माझा होता. मी उठले ती थेट स्वयंपाकघरात गेले. पाखडायला घेतलेले जोंधळे परातीत ओतले आणि ते सूप आणून दोन सुपांच्या मध्ये मांडलं. शिट्टी उचलून त्यात ठेवली, शेजारी चंची. मग मळ्याचं ढेकूळ उचललं. ते ठेववेना. थोडा वेळ तसंच हातात धरलं, आणि ठेवलं.

"ह्यो मामंजींचा आन् आत्याबाईंचा वाटा," मी म्हणाले. पदराआडून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "दोगं हायती तवर मळा त्यांचा. ऱ्हायलेलं परत वाटा. मग मी उचलते."

कुणी रागावायच्या आत थोरल्या दिरांनी मोठा सुस्कारा सोडला. "ह्ये माज्या का न्हाई ध्येनात आलं?" म्हणाले. पंचांनीही माना डोलावल्या. मग उरलेली वाटणी घटकाभरात उरकली. जातं जाऊबाईंकडं सबंध गेलं, मला पाटा-वरवंटा आला. सासऱ्यांनी चंची उचलून सासूबाईंपुढं धरली. "घे. सुपारी कातर."

"हात मोडलं काय तुमचं?" सासूबाई म्हणाल्या. आमचं घर पुन्हा जागेवर आलं.

मला मात्र घोर लागला. मालकांनी एकच गोष्ट सांगितली होती, आणि तीच मी गावासमोर देऊन टाकली होती. त्यांना काय सांगायचं?

लढाई संपली. पुढं एका दुपारी मी भाकरी घेऊन मळ्याकडं निघाले होते, तर शिट्टी ऐकू आली. बैलांची नव्हे, जेवणाचीही नव्हे. ती थांबतच नव्हती. मी पाटी सावरत धावले.

मालक थारोळ्यात पाय सोडून बसले होते, बुटांसकट. सासूबाई त्यांच्या तोंडावरून हात फिरवत रडत होत्या. इतक्या वर्षांनी भेटलेला नवरा, आणि पहिला प्रश्न काय, तर "मळा कुणाला गेला गं?"

"मी सोडला," मी म्हणाले.

पुढचं सासूबाईंनी सांगितलं, तिखटमीठ लावून, जात्याच्या दगडासकट. मालक हसून हसून आडवे झाले. "मग ब्येस झालं," म्हणाले, "मी जेवायला हितंच!" मला इतका आनंद झाला, की पाटी कुठं ठेवावी तेच कळेना.

जांभळीखाली भाकऱ्या सोडल्या. आधी पुरुषांना वाढायचं, म्हणून मी सासऱ्यांपुढं वाकले. त्यांनी हात आडवा धरला. आजवर ते माझ्याशी थेट कधी बोलले नव्हते.

"सूनबाई, आदी तू बस," ते म्हणाले. "तुज्या वाटणीचं खातोय आमी."

मी बसले. भाकरी केव्हाच गार झाली होती. ती मी सगळ्यांच्या आधी खाल्ली.