साडेनऊ ते साडेपाच घरी कोणी नाही

तो घरी बसून लिहितो. असं तो स्वतः मात्र कुणाला सांगत नाही, कारण ऐकणाऱ्याला त्यातलं 'घरी बसून' एवढंच ऐकू येतं. लिहितो म्हणजे लोक सांगतील ते लिहितो. पाण्याच्या पंपांची माहितीपत्रकं, निवृत्त होणाऱ्या साहेबांसाठी निरोपाची भाषणं, पन्नास वर्षं पुरी केलेल्या कंपन्यांचे इतिहास, मिक्सरच्या खोक्यात सगळ्यात तळाशी असते ती पुस्तिका. त्याचं लेखन हजारो घरांत पोचलेलं आहे आणि बहुधा काहीतरी बिघडल्यावरच ते वाचलं जातं. त्यावर त्याचं नाव नसतं. आधी आधी याचं वाईट वाटायचं. हल्ली बरं वाटतं. शिव्या देणाऱ्याला पत्ता लागत नाही.

इमारतीत त्याला लेखकराव म्हणतात. यात मान किती आणि टोमणा किती हे शोधायच्या भानगडीत तो पडत नाही. लेखकराव घरीच असतात, म्हणून चारही मजल्यांची पार्सलं त्यांच्याकडे यायची. समोरच्या दंतवैद्याची किल्ली त्यांच्याकडे असायची. खालच्या शिक्षिकाबाई परगावी गेल्या की त्यांच्या काचेच्या पेटीतल्या माशांना रोज चिमूटभर खाणं घालायचं, तेही यांनीच. बहिणीकडे नळवाला येणार असला की तिचा फोन यायचा. "तू काय, घरीच आहेस ना? मग इकडे येऊन बस. तिथे बसलास काय नि इथे बसलास काय."

त्याचं निम्मं काम बसण्याचंच असतं, हे खरं आहे. वाक्य सुचेपर्यंत माणूस नुसता बसतो. आणि नुसता बसलेला माणूस जगात कुणालाही मोकळाच दिसतो. कधीकधी त्याला स्वतःलाही तशी शंका यायची.

त्याचे वडील टाइमकीपर होते. एका कारखान्याच्या फाटकावर छत्तीस वर्षं त्यांनी सहाशे माणसांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहिल्या. निवृत्तीनंतर आई गेली आणि ते याच्याकडे राहायला आले. पहिलं वर्षभर ते हळूहळू उतरत गेले. दाढी दिवसाआड झाली, मग आठवड्याने. मग मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी खणात ठेवलं. ज्या माणसाने अख्खा जन्म मिनिटांवर काढला तो एके सकाळी विचारतो, आज वार कोणता, आणि उत्तर ऐकायला थांबत नाही. याची त्याला खरी धास्ती होती. माहितीपत्रकं काय, आज नाही तर उद्या लिहून होतात.

एका रात्री जेवताना त्याने वैतागून आठवड्याचा पाढा वाचला: पार्सलं अकरा, नळवाले दोन, मासे रोज, लिहिलेलं दीड पान. कितीतरी दिवसांनी वडिलांनी ताटातून मान वर केली.

"तू हजर असतोस, म्हणून हाका मारतात," ते म्हणाले. "गैरहजर राहा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळी योजना कागदावर मांडली. कोपऱ्यातल्या खोलीला जिन्याकडे उघडणारं एक वेगळं दार होतं. त्यापुढे वर्षानुवर्षं कपाट उभं होतं, ते हलवलं. नऊ पंचवीसला मुलाने बूट घालायचे, डबा आणि चहाचा थर्मास घ्यायचा, पुढच्या दाराने बाहेर पडायचं, इमारतीला एक फेरी मारायची, वर यायचं आणि त्या वेगळ्या दाराने खोलीत जाऊन कामाला बसायचं. खोली आणि घर यांच्यामधल्या दाराला घराच्या बाजूने कडी. ती वडील स्वतः लावणार. कडीशेजारी त्यांची खुर्ची. साडेनऊ ते साडेपाच मुलगा घरी नाही.

पार्सलवाल्याला ते सांगत, ऑफिसला गेलाय. बहिणीलाही तेच. ती म्हणाली, बाबा, मला फोनवर त्याचं खोकणं ऐकू येतंय. ते म्हणाले, ऑफिसात खोकत असेल. त्यांना आयुष्यात खोटं बोलता आलं नव्हतं, त्यामुळे यावर विश्वास ठेवण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं. आणि त्यांनी तो मनापासून ठेवला.

एक हजेरीपुस्तक आलं. घड्याळ खणातून बाहेर आलं. दाढी रोज होऊ लागली, तीही नवाच्या आत. एकदा खाली रखवालदाराशी बोलण्यात लेखकरावांना दोन मिनिटं उशीर झाला आणि लेट मार्क पडला. संध्याकाळी त्याने हुज्जत घातली, तर वडील म्हणाले, फाटकावर वाद नको, अर्ज कर. त्याने अर्ज केला. त्या वर्षीचं आपलं सर्वांत चांगलं लेखन ते होतं, असं त्याचं मत आहे. अर्ज नामंजूर झाला.

बायको रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला. ती आठला जायची आणि सव्वासहाला परत यायची, खऱ्या अर्थाने. "एक म्हातारा नि एक होऊ घातलेला, दोघं मिळून कचेरी-कचेरी खेळताय," एवढं ती पहिल्या दिवशी म्हणाली. मग तिने सासऱ्यांची गुळगुळीत हनुवटी पाहिली आणि नवऱ्याचाही डबा भरायला घेतला.

असं दीड वर्ष चाललं. त्याचं कामही सुधारलं. बंद दाराआड, बूट घालून बसल्यावर वाक्यं लवकर सुचतात, असा त्याला शोध लागला. त्यात बुटांचा वाटा किती, हे त्याने तपासलं नाही.

मग एका बुधवारी तो कपडे धुण्याच्या यंत्राची पुस्तिका लिहीत होता. प्रकरण सातवं, यंत्रातून येणारे आवाज. अकरा दहाला घरात धप्प असं काहीतरी झालं. पाठोपाठ स्टीलचं भांडं फरशीवर गोल गोल फिरत गेलं आणि थांबलं. कीबोर्डवरची त्याची बोटं थांबली. ऑफिसात घरचे आवाज ऐकू येत नसतात, असं त्याच्या मनात आलं. अगदी याच शब्दांत आलं. नंतर वाटलं, ओट्यावरून काही पडलं असेल. काही झालंच असेल तर बाबा हाक मारतील. त्याने थोडा वेळ कान दिला. हाक आली नाही. त्याने लिहिलं: 'यंत्र चालू असताना काही आवाज येणे स्वाभाविक आहे. घाबरून जाऊ नये.'

एक वाजता तो डबा जेवला. तीनला थर्मासमधला चहा घेतला. साडेपाचला खोलीला कुलूप लावून खाली गेला, फेरी मारली, वर आला आणि आपल्या किल्लीने पुढचं दार उघडलं.

वडील स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामध्ये फरशीवर कुशीवर पडले होते. एक हात गालाखाली होता. रोज तो आला की ते जे म्हणत तेच त्यांनी म्हटलं.

"आलास? जरा हात दे. पाय ऐकत नाही."

खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, कधी पडलात. वडील म्हणाले, अकरा दहा. बाईंनी स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं, मग परत वडिलांकडे. घरात कोणीच नव्हतं का, असं त्यांनी विचारलं. तो तोंड उघडणार एवढ्यात वडील म्हणाले, नव्हतं. बायको तोवर प्रयोगशाळेतून थेट तिथे पोचली होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. ती चारचौघांत बोलणाऱ्यांतली नाही. घरी आल्यावर तिने पान्ह्यांच्या डब्यातून पेचकस काढला, मधल्या दाराची कडी चारही स्क्रूंसकट उखडली आणि ओल्या कचऱ्यात टाकली. कडी ओल्या कचऱ्यात जात नाही, हे तो त्या वेळी म्हणाला नाही.

शस्त्रक्रिया झाली. चौथ्या दिवशी वडील उशीला टेकून बसले. दुपारची भेटीची वेळ होती, शेजारच्या खाटेवरचा माणूस झोपला होता. मुलाने अखेर विचारलं.

"बाबा, हाक का नाही मारली?"

वडिलांना प्रश्नच कळला नाही असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. मग त्यांनी समजावून सांगितलं, नवीन लागलेल्या कारकुनाला सांगावं तसं. कामाच्या वेळेत घरचा निरोप आत जात नसतो. तो फाटकावर टाइमकीपरकडे द्यायचा. आत लगेच धाडायचा की पाळी सुटेपर्यंत ठेवायचा, ते टाइमकीपर ठरवतो.

"मग?"

"मग काय. टाइमकीपर पडला होता."

ते थट्टा करत नव्हते. थोड्या वेळाने त्यांनी एका फिटरची गोष्ट सांगितली. त्याची आई गेल्याचा निरोप सकाळी दहाला फाटकावर आला. त्या दिवशी तो भट्टीपाशी होता. अशा कामावरच्या माणसाला असं काही सांगितलं तर हात तरी भाजून घेईल नाहीतर दुसऱ्याला तरी भाजेल, असा विचार करून त्यांनी निरोप पाच वाजेपर्यंत स्वतःपाशी ठेवला. फिटर घरी पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. त्यानंतर तो अकरा वर्षं त्या फाटकातून आत-बाहेर करत होता आणि त्यांच्याशी एक अक्षर बोलला नाही.

"तुम्ही काय केलंत?"

"काय करणार. त्याला लेट मार्क देणं बंद केलं."

खिडकीखाली कुणीतरी मोटार मागे घेत होतं आणि कुणीतरी तिला येऊ दे, येऊ दे म्हणत होतं. ते थांबल्यावर तो म्हणाला, "मी आवाज ऐकला होता."

"माहीत आहे."

"कसं?"

"तुझी टकटक थांबली होती," वडील म्हणाले. "मिनिटभर. मग परत सुरू झाली."

यात तक्रार नव्हती. वेळ सांगावी तसं सांगितलं होतं. त्याला वाटलं, तक्रार असती तर निदान अर्ज तरी करता आला असता.

तीन आठवड्यांनी ते वॉकर घेऊन घरी आले. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं की दोन महिने एकट्याने चालायचं नाही. परत पडलात तर मग उठणं नाही. बायकोने मधलं दारच बिजागऱ्यांवरून काढायचं ठरवलं होतं, पण ते जड निघालं, म्हणून नुसतं उघडं ठेवलं. बुटांची फेरी बंद झाली. तिने एक टेबलावरची घंटा आणली आणि सासऱ्यांच्या उशाशी ठेवली. बाबा, काही लागलं की वाजवायची. ते म्हणाले, घंटा शिपायासाठी असते. मग हाक मारा. मारीन की, ते म्हणाले, त्याचं काम थांबलेलं असेल तेव्हा मारीन.

त्यांना ते रास्त वाटत होतं. टकटक चालू म्हणजे काम चालू. थांबली म्हणजे हाक मारायला हरकत नाही.

तेव्हापासून तो दर अर्ध्या तासाने मुद्दाम हात उचलून बसू लागला. हाक यायची नाही. उलट वाक्य सुचत नसलं की भीती वाटायची, टकटक थांबली तरी हाक नाही, म्हणजे परत पडले तर नाहीत, आणि तो उठून बघून यायचा. वडील पलंगावर टेकून डोळे मिटून ऐकत असायचे. काही हवंय का? नाही, तू कर काम. एका दुपारी तो पाणी प्यायला गेला तर वॉकर पलंगापाशी नव्हता. वडील न्हाणीघरातून एकटेच परतत होते, भिंतीला खांदा घासत, घामाने डबडबलेले. तू लिहीत होतास, ते म्हणाले. त्या संध्याकाळी बायको सासऱ्यांना एकच वाक्य बोलली. बाबा, तुम्ही परत पडलात तर हा माणूस पुन्हा कधीही काही लिहिणार नाही, तेवढं बघा.

पुढचे दोन दिवस हाक आली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो जिन्याचे कठडे बनवणाऱ्या एका कंपनीचा इतिहास लिहीत होता. संस्थापकांचं बालपण छान जमून येत होतं, बोटं भराभर चालली होती. अशा वेळी त्याला दुसरं काही सुचत नाही, आणि असं वर्षातून चारपाच वेळाच होतं. अकरा वाजून गेले असतील. शेजारच्या खोलीतून आवाज आला.

"अरे."

मोठा नव्हता. बोटं वाक्याच्या मध्यावर होती. ती सवयीने पुढे गेली, पूर्णविरामापर्यंत गेली, आणि मग आपण काय ऐकलं ते त्याला कळलं. खुर्ची मागे सरकवून तो धावत गेला.

वडील पलंगाच्या कडेला बसले होते. पाय खाली, दोन्ही हात गुडघ्यांवर. पडलेले नव्हते. त्यांना न्हाणीघरात जायचं होतं.

"केव्हा हाक मारली मी," ते म्हणाले.

"वाक्य पुरं करत होतो."

"केवढं होतं?"

त्याने विचार केला. "फार मोठं नव्हतं."

"मग लहान करत जा," वडील म्हणाले, आणि उठण्यासाठी हात पुढे केला.