दोन गावांमधलं एक घर

दोन्ही गावं त्याला धारवाला म्हणत. त्याला दुसरं काही नाव असेल हे कोणाच्या ध्यानातही नव्हतं. वरचं गाव टेकाडावर, खालचं ओढ्याकाठी, आणि मधल्या उजाड पट्ट्यात एकच घर, ते त्याचं. तरुणपणी त्याचा विचार साधा होता: मधे बसलं की दोन्हीकडच्या सुऱ्या येतील. आल्याही. तीस वर्षं पायडल मारून त्यानं दगडाचं चाक फिरवलं होतं, आणि पातं हातात घेतलं की ते कोणी वापरलंय हे तो सांगे.

"ही सुनेनं वापरलीय. तुमच्या हातात असती तर टोक मोडलं नसतं."

बायका खूश होत, घरी जाऊन सुनेशी भांडत, आणि पुढल्या महिन्यात सून दुसरी सुरी घेऊन येई.

चार वर्षांपूर्वी बायकोचं डावं अंग गेलं, आणि त्याबरोबर वाचाही. तेव्हा त्यानं चाक पडवीतून उचलून आतल्या खोलीत, खाटेसमोर मांडलं. भिंती काळवंडल्या, अंथरुणावर दगडाची बारीक पूड बसू लागली. पण चाक फिरत असलं की ती शांत पडून राही. तो जरा अंगणात गेला आणि चाक थांबलं, की तिचा उजवा हात अंथरूण चाचपू लागे. म्हणून तो लांब कुठं जातच नसे. लोक म्हणत, काय हा जन्म! त्याला तो पुरत होता.

एका सकाळी खालच्या गावचा गिरणीवाला कुऱ्हाड घेऊन आला. कुऱ्हाडीला धार होती. धारवाल्यानं अंगठा फिरवून ती परत दिली.

"ही बोथट नाही."

"माहीत आहे, काका. कुऱ्हाड निमित्त. तुम्ही तर आमचं नशीब निघालात!"

मग त्यानं चाकापाशी उकिडवं बसून नवा कायदा सांगितला. दोन घरांत दोनशे मीटरपेक्षा कमी अंतर असलं की ती एकच वस्ती. आणि एका वस्तीत पाच हजार माणसं भरली की ते शहर. "आम्ही तीन हजार, वरचे बावीसशे. मधे पावणेचारशे मीटर रिकामं. पण रिकामं कुठलं? मधे तुम्ही!"

"मी आहे म्हणून शहर?"

"तुम्ही खिळा आहात, काका. सगळं तुमच्यावर टांगलंय." मग तो हळू आवाजात म्हणाला, "शहराला दवाखाना मिळतो. डॉक्टरसकट. माझी बहीण वाटेत गेली, गाडीत, माझ्या मांडीवर. तुम्हाला ठाऊक आहे." त्यानं खाटेकडे पाहिलं. "काकूंनाही कोणी रोज बघेल."

संध्याकाळी वरच्या गावचे मास्तर आले. शाळा सुटून त्यांना बारा वर्षं झाली होती, पण बोलताना अजून फळ्याकडे वळल्यासारखे वळत. हातात कोयता होता, तो मात्र खरोखर बोथट होता.

"काय रे धारवाल्या, तू इथं राहतोस की दुकान चालवतोस?"

"दोन्ही, मास्तर."

"दोन्ही कायद्याला कळत नाही. दुकान म्हण. दुकान घरांत धरत नाहीत. शहर झालं तर गोठे वस्तीबाहेर न्यायचे आणि चराईचं रान शहराचं. माझ्या दोन गायी. त्या माझ्या आवाजावर उठतात, बाबा. या वयात मी त्यांना कुठं बांधू?"

धारवाल्यानं कोयता ठेवून घेतला. रात्री उशिरापर्यंत नाही, पण जेवण होईपर्यंत तो विचार करत राहिला. जन्मात कोणी त्याला अर्धा कप चहा विचारला नव्हता, आणि आता दोन गावं दारात. एक जण जरी लबाड असता तरी सोपं गेलं असतं. दोघंही खरं बोलत होते.

सरकारची मोजणीवाली बाई बुधवारी आली. फितीचं एक टोक मास्तरांनी धरलं, दुसरं गिरणीवाल्यानं.

"मास्तर, ताणा की! झोळी झालीय तिची."

"ताणतोय. तू तुझं टोक जागेवर ठेव. पुढे काय सरकतोस चोरासारखा?"

"दोघंही सोडा," बाई म्हणाली, आणि तिनं खुंट्या ठोकून स्वतः मोजलं. वरच्या शेवटच्या घरापासून एकशे नव्वद. खालच्या पहिल्या घरापर्यंत एकशे ऐंशी. मग ती आत आली, चाक पाहिलं, खाट पाहिली, आणि फॉर्म काढून तशीच उभी राहिली. धारवाल्यानं पायडलवरचा पाय काढला.

"काका, मी सांगते ते नीट ऐका. घर लिहिलं तर शहर होईल, आणि शहरात राहत्या घरात हा धंदा बसत नाही. धूळ, आवाज. चाक हलवावं लागेल. दुकान लिहिलं तर गावं गावंच राहतील. पण गावाच्या हद्दीबाहेरच्या दुकानात कोणाला राहता येत नाही. मग खाट हलवावी लागेल."

"आजवर तर चाललं की."

"आजवर कोणी मोजलं नव्हतं."

"दोन्ही लिहा."

"दोन्हीला खण नाही."

"मग काहीच लिहू नका."

"मग पडीक म्हणून जाईल. पडीक असलं की पाडायची नोटीस निघते." ती हे रागानं म्हणाली नाही. तिच्या सॅंडलला ओढ्याचा चिखल होता आणि तिला अजून तीन गावं मोजायची होती. "सांगा, काका."

तो हाताची बोटं मोजल्यासारखी एकेक दुमडत उभा राहिला. चाक थांबून बराच वेळ झाला होता, आणि खाटेवरचा उजवा हात चादर गोळा करत होता, सोडत होता, पुन्हा गोळा करत होता. बाईनं तो हात पाहिला. खाली वाकून तिनं लिहिलं: राहतं घर. त्यानं सही केली. दारात गिरणीवाल्यानं टाळी वाजवली आणि लगेच ओशाळून हात खिशात घातले. मास्तर आपला कोयता उचलून गेले, बोथटच.

हुकूम दोन महिन्यांनी आला. शहराच्या बाजारात त्याला पत्र्याची जागा मिळाली, तीही खालच्या टोकाला. दवाखान्याची पाटी आली. डॉक्टर पुढच्या वर्षी, असं गिरणीवाला म्हणाला, आणि म्हणताना त्यानं वर पाहिलं नाही. आपल्या आत्याला मात्र त्यानं दिवसभर बसायला पाठवलं.

चाक न्यायच्या दिवशी चौघांनी ते हातगाडीवर चढवलं. "अहो, हे चाक आहे की सासरा? हलत नाही आणि कुरकुरतंय केवढं!" त्यातला एक म्हणाला. धारवालाही हसला. जमिनीवर चाकाच्या चार पायांच्या चार खुणा राहिल्या होत्या. आत्यानं तिथं आपलं स्टूल मांडलं आणि खाटेकडे बघून ती ओरडून म्हणाली, "काळजी करायची नाही हं!"

"तिला ऐकू येतं," तो म्हणाला.

मग तो उंबऱ्यात थांबला. सकाळी कामाला निघालेली माणसं घरात काही तरी म्हणून जातात, हे त्यानं इतरांच्या घरी ऐकलं होतं. तीस वर्षांत त्याच्यावर ती वेळ आली नव्हती.

"येतो मी दुपारी," तो म्हणाला.

खाटेवरून बायको त्याच्याकडे बघत राहिली, त्यानं आणखी काही बोलावं म्हणून. बाहेर हातगाडी उताराला लागली होती, आणि चौघांना ती आवरत नव्हती म्हणून ते त्याला हाका मारत होते.