टकटकबाई आणि हरवलेला ध

विवाह नोंदणी कार्यालयात त्यांना सगळे टकटकबाई म्हणत. एकतीस वर्षं त्यांची बोटं कीबोर्डवर अशी पळायची, की समोरचा माणूस नाव सांगून घसा खाकरेपर्यंत ओळ पुरी झालेली असायची. खाली बघायची तर त्यांना कधी गरजच पडली नव्हती.

त्या सोमवारी साहेबांनी नवा कीबोर्ड आणून ठेवला. "अक्षरांच्या जागा बदलल्यात, बाई. वरून आदेश आहे."

"बदलू देत की!" म्हणत बाई पहिल्या जोडप्याचा दाखला करायला बसल्या. ‘वर’ टाइप केलं. पडद्यावर उमटलं ‘दर’.

नवऱ्या मुलाने वाकून पाहिलं. "माझा दर ठरवताय की काय?"

नवरी फिस्सकन हसली. बाईंनी खोडलं, पुन्हा मारलं. पुन्हा ‘दर’! एक र तेवढा जागेवर होता, बाकी सगळ्यांनी बिऱ्हाडं हलवली होती. काना द्यायला जावं तर क टपकायचा, क द्यायला जावं तर अक्षराचा पाय मोडायचा. साक्षीदाराचं नातं लिहायचं होतं ‘सासरा’. झालं ‘तकतरक’.

"हे तकतरक कोण?" नवरीने विचारलं.

"मीच!" तिचे सासरे छाती काढून म्हणाले.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं की हसण्याचं कोण जाणे. "मेली बोटं ऐकतच नाहीत हो माझं!"

"सरका काकू," म्हणत नवरीने खुर्ची ओढली. मग सगळं वऱ्हाडच कीबोर्डवर ओणवं झालं. "म सापडला! हा बघा, खालच्या ओळीत दडलाय!" ‘वधू’ लिहायला ध मात्र कुठेच मिळेना. चष्मे पुसून झाले, साहेबही शोधून थकले. शेवटी सासऱ्यांनाच तो दिसला. "अहो, द च्या डोक्यावर बसलाय की लेकाचा!"

सव्वा तासाने दाखला छापून आला तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. लग्न लागल्याचा आनंद की ध सापडल्याचा, ते कुणालाच सांगता येईना.

घरी येऊन बाईंनी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या आपल्या नवऱ्याला सगळं सांगितलं. "आणि अहो, ‘नवरा’ लिहिलं तर काय येतं माहितेय? हदरक!" दोघंही पोट धरून हसले. मग बाईंनी त्यांना पालथं झोपवलं आणि पाठीवर सराव सुरू केला.

"अगं, गुदगुल्या होतात!"

"हलू नका! वेलांटी चुकते माझी!"

रोज संध्याकाळी हेच. तीन आठवड्यांत बोटं पुन्हा पहिल्यासारखी पळू लागली. नोंदणीला आलेली माणसं परत तोंडाचा आ करून बघायला लागली.

त्या दिवशी त्यांनी घरी जाहीर केलं, "झालं हो, आता सरावाची गरज नाही."

नवरा आधीच पालथा पडला होता. "मग उगीच म्हणून मार की दोन ओळी."

बाईंनी मारल्या. काय लिहिलं ते विचारलं तर लाजून उठल्या आणि चहाचं आधण ठेवायला गेल्या.