सटवीला न कळणारे शब्द

माझ्या आईचे मावसभाऊ, म्हणजे आमचे दौंडचे मामा, यांच्याइतका रडका माणूस भीमेच्या अलीकडे-पलीकडे झाला नाही आणि पुढे होणारही नाही. "काय मामा, बरं आहे ना?" असं कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं, "बरं कसलं? ढकलतोय दिवस. आजचा गेला, उद्याचा कुणी बघितलाय!" आता तसं आमच्या भागात 'बरं आहे' असं कुणी म्हणतच नाही. कणीस हातभर आलं तरी शेतकरी "हाय आपलं, पाखरांनी ठेवलं तर" एवढंच बोलतो. पण मामांनी त्याचा कळस केला होता. मामीनं पुरणपोळी वाढली तर "गिळायचं आता, करता काय!" दौंड स्टेशनात ते पार्सल क्लार्क होते. बढतीचा कागद हातात पडला त्या दिवशी असा चेहरा करून घरी आले, की मामीनं आधी पाणी दिलं आणि मग भीत भीत विचारलं, "कोण गेलं वो?"

या रडगाण्याला कारण होतं. पहिला मुलगा झाला तेव्हा मामांनी फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पेढे वाटले, हमालांना मिठ्या मारल्या, "लई आनंद झाला!" म्हणून ओरडत सुटले. पोर पाचवीच्या आधीच गेलं. दुसऱ्या खेपेला त्यांनी आनंद फक्त मामीच्या कानात सांगितला. तेही गेलं. मामांनी ओळखलं, कुणीतरी ऐकतंय. तिसरी कमल झाली तेव्हा तोंडाला कुलूप घालून ते शेजारच्या क्वार्टरमधल्या अँग्लो-इंडियन ड्रायव्हरकडे गेले आणि म्हणाले, "साहेब, खूश झाल्यावर तुम्ही लोक काय म्हणता?" साहेब म्हणाला, "ग्लॅड." मामांनी घरी येऊन पाळण्यात वाकून हळूच 'ग्लॅड' म्हटलं, आणि कमल जगली! "सटवीला इंग्रजी येत न्हाई," मामांनी एकदा मला अगदी गंभीरपणे सांगितलं, "आन् तिला शिकवायला बी कोण बसलंय?"

तेव्हापासून सुखाचे इंग्रजी शब्द गोळा करायचा मामांनी सपाटाच लावला. तोंडानं मराठीत रडायचं आणि मग भिंतीकडं वळून, मिशीतल्या मिशीत, इंग्रजीत सुखी व्हायचं. गाडी वेळेवर आली की 'प्लीज्ड', मामीच्या झुणक्याला 'डिलायटेड', आणि कमल तापातून उठली तेव्हा 'सेव्हंथ हेवन'. ड्रायव्हरसाहेबानं एकदा मोठ्या कौतुकानं 'टिकल्ड टु डेथ' दिला आणि वर अर्थही सांगितला, तर मामा असे संतापले की महिनाभर त्याच्या दारात गेले नाहीत. "गुदगुल्या होऊन मरायचं? सुखात बी मरण घालत्यात ही माणसं!" पुढं मी इंग्रजी शाळेत जाऊ लागलो आणि सुट्टीत ऐटीत त्यांच्यापुढं 'हॅपी' म्हणालो. मामांचा चेहरा खर्रकन उतरला. "तुला बी कळतं व्हय? मग संपलं. हॅपी आता बाजारात आला." तो शब्द त्यांनी टाकूनच दिला आणि मला अवघड शब्द आणायच्या कामाला जुंपलं. मी 'एक्स्टॅटिक' नेऊन दिला. तो काही त्यांच्या जिभेवर बसेना, तरी ठेवून घेतला.

या सगळ्यात हाल झाले ते बिचाऱ्या कमलचे. तिला इंग्रजीचा गंध नव्हता. मराठी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल होऊन ती शिरूरला मुलींच्या शाळेत मास्तरीण लागली आणि पहिल्या पगारातून बापाला धोतर घेऊन आली. मामांनी ते उलटसुलट केलं आणि म्हणाले, "सूत विरळ हाय. किती टिकतंय देव जाणे." मग भिंतीकडं वळून काहीतरी पुटपुटले. कमल डोळे पुसत माझ्याकडं आली. "दादा, काय म्हणाले रे आबा?" मी म्हटलं, "अगं, फार आनंद झाला म्हणाले." तशी ती उसळलीच. "मग मला का सांगत न्हाईत? तुझ्याकडून नको मला. आबांच्या तोंडून पायजे, आन् आपल्या बोलीत पायजे. एकदाच!"

तिचं लग्न सोलापूरकडच्या एका मास्तराशी झालं. पाठवणी दौंडच्या फलाटावर. गाडी सुटायच्या बेताला तिनं खिडकीतून मामांचा हात धरला. "आबा, मी तुमच्या पोटी आले ह्याचं तुम्हाला बरं वाटतंय का वाईट, एवढं तरी सांगा की." मामांनी तोंड उघडलं. मी शेजारीच होतो, शब्द अगदी ओठांवर आला होता. मग त्यांनी वर बघितलं, मागं बघितलं, घामाघूम झाले आणि 'एक्स्टॅटिक' म्हणायला गेले. ते अर्ध्यावरच अडलं आणि गाडी हलली. कमल हसली, पण ते हसणं माझ्याच्यानं बघवलं नाही.

दीड वर्षानं पहिल्याच बाळंतपणात कमल गेली. बाळही गेलं. मामांनी नोकरी सोडली आणि मामीला घेऊन न्हावऱ्याला, आपल्या मूळ गावी येऊन राहिले. मी एस.टी.नं भेटायला गेलो, काय बोलायचं याची वाटभर जुळवाजुळव करत. बघतो तर मामा ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारून सांगत होते, खणखणीत आवाजात, मराठीत. "माझी कमल शिरूरला मास्तरीण व्हती! दोनदा रजा काढून गेलो मी, शाळेच्या खिडकीखाली उभा राहून तिचं शिकवणं ऐकलं. मूठभर मांस चढलं व्हतं अंगावर! लई सुखात व्हतो मी, लई!" आतून मामी जुन्या सवयीनं म्हणाली, "अवो, हळू बोला." मामा दाराकडं वळून म्हणाले, "आता कुणाला भ्यायचं? इतकी वर्सं गप बसलो, तरी गेलीच की. आन् जिला सांगायचं, तिला सांगायचं तेवढं ऱ्हायलं."

मी पुढं इंग्रजी घेऊन बी.ए. झालो. सुखाचे ते सगळे शब्द मला अर्थासकट येतात. त्या दुपारी मामांना द्यायला माझ्याजवळ एकही नव्हता. मामी बाहेर आली, उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "सांगा आनखी. मला तरी कुठं ठावं व्हतं?" मग मामा तिला सांगत राहिले, आणि माझी शेवटची एस.टी. निघून गेली तरी मी उठलो नाही.